ड्यूशेनची जनुक तपासणी: आधी मुलगा, मग आई, मग आजोळ

चार-पाच वर्षांचा मुलगा जिना चढताना कठडा सोडत नाही. पळताना मागे पडतो, चवड्यावर चालतो, आणि जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर, मग मांडीवर हात रोवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. पोटऱ्या मात्र तालमीचं तोंड न बघताही पैलवानासारख्या जाड. कोल्हापुरात अशा पोटऱ्यांचं कौतुकच होतं, आणि त्या कौतुकात वर्ष-दीड वर्ष सहज निघून जातं. त्या पोटरीत ताकद नसते. झिजलेल्या स्नायूची जागा चरबी आणि तंतूंनी घेतलेली असते.

हा ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा चेहरा. डॉक्टर त्याला डीएमडी म्हणतात. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांत एकाला तो होतो. इथे औषधोपचारांबद्दल लिहिलेलं नाही. घरात संशय आला की कोणाचं रक्त कधी द्यायचं, कोणत्या ट्यूबमध्ये द्यायचं, लॅबला काय विचारायचं आणि हातात आलेला कागद कसा वाचायचा, एवढाच विषय आहे.

आधी मुलगा, मग आई, मग आजोळ, हा क्रम बहुतेक घरांत उलटा होतो. हा बिघाड बहुधा आईच्या बाजूच्या बायकांकडून मुलग्यांत उतरतो; स्वतः सहसा ठीक राहून तो पुढे देऊ शकणाऱ्या बाईला वाहक म्हणतात. मुलाचं निदान "डॉक्टरांनी बघून सांगितलं" एवढ्यावरच थांबलेलं असतं. मधेच मावशीचं लग्न ठरतं, म्हणून तिची तपासणी आधी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण मुलात नेमका कोणता बिघाड आहे हेच माहीत नसेल, तर मावशीच्या नॉर्मल रिपोर्टला फारसा अर्थ नसतो. डिस्ट्रॉफिन हे स्नायू टिकवणारं प्रथिन, आणि त्याचं जनुक माणसातलं सर्वांत मोठं जनुक आहे. त्याचे 79 एक्सॉन, म्हणजे 79 तुकडे, आणि बिघाड त्यातल्या कुठल्याही तुकड्यात असू शकतो. आधी मुलात तो सापडायला हवा. मग तोच बिघाड बाकीच्यांत शोधायचा.

सुरुवात सीपीकेने

सीपीके ही साधी रक्ततपासणी आहे, स्नायू झिजला की रक्तात उतरणारं एन्झाइम ती मोजते. ती तालुक्याच्या लॅबमध्येही होते आणि त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. निरोगी मुलात आकडा साधारण दोनशेच्या आत असतो. ड्यूशेनच्या लहान मुलात तो दहा-वीस हजारांवर जातो, कधी त्याहून वर. आकडा पाचशे-आठशे असेल तर घाई करू नका. दंडात घेतलेलं इंजेक्शन, पडझड, ताप, आदल्या दिवशीची खूप पळापळ यांनीही तो तेवढा वाढतो. पंधरा दिवसांनी पुन्हा करा. चालत्याफिरत्या लहान मुलात सीपीके अगदी नॉर्मल आलं, तर ड्यूशेन जवळपास बाद. मोठ्या, व्हीलचेअरवरच्या मुलात मात्र झिजायला स्नायूच कमी उरलेला असतो, त्यामुळे आकडा खाली येतो. त्याला सुधारणा समजू नये.

इथेच एक नेहमीची चूक होते. एसजीपीटी आणि एसजीओटी ही एन्झाइम यकृतातून येतात तशी स्नायूंतूनही येतात. ड्यूशेनच्या मुलात ती वाढलेली दिसतात आणि मुलगा "लिव्हर खराब" म्हणून महिनोन्महिने कावीळीचं औषध, काढे, पथ्य करत बसतो. एसजीपीटी वाढलेलं, बिलिरुबिन नॉर्मल आणि मुलगा चालायला मंद असेल, तर यकृताची बायोप्सी करायला निघण्याआधी सीपीके करून घ्या. जीजीटी हे यकृताचं एन्झाइम नॉर्मल असेल तर बोट स्नायूंकडेच जातं.

सीपीके हजारांत आलं की ते घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जा. सरकारी वाटेने जायचं असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा बालरोग विभाग आहे. शाळेत किंवा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही मुलगा दाखवता येतो. पुढची चिठ्ठी त्यांच्यामार्फत निघते.

मुलाचं रक्त: पहिली तपासणी एमएलपीए

ड्यूशेनच्या सुमारे दोन तृतीयांश मुलांत एक किंवा अनेक एक्सॉन पूर्ण गळालेले असतात, त्याला डिलीशन म्हणतात. दहा टक्क्यांच्या आसपास मुलांत एखादा भाग दोनदा आलेला असतो, ते डुप्लिकेशन. उरलेल्यांत एखाद्या अक्षराचा लहानसा बदल असतो. म्हणून पहिली तपासणी एमएलपीए. ती सगळे 79 एक्सॉन मोजते, अक्षरं वाचत नाही. बऱ्याच ठिकाणी थेट महागडी एक्सोम तपासणी, म्हणजे सगळ्या जनुकांचे एक्सॉन एकदम वाचणारी, सुचवली जाते. साध्या एक्सोममध्ये एक्सॉनची गळती निसटू शकते, स्त्रियांमध्ये तर विशेष. एमएलपीए स्वस्त आहे आणि बहुसंख्य मुलांचं उत्तर तिथेच मिळतं. आधी ती करा. ती रिकामी आली तरच जनुकाचं पूर्ण वाचन, म्हणजे सिक्वेन्सिंग.

रक्त कोल्हापुरात घेतलं जातं, तपासणी बहुधा पुणे, मुंबई, बेंगळुरू अशा मोठ्या शहरात होते. त्यामुळे सगळा खेळ ट्यूबचा आणि कुरिअरचा. ट्यूब जांभळ्या टोपीची, ईडीटीएची. 3 ते 5 मिलि रक्त पुरतं. रक्त घेतल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी करायची, जोरात हलवायची नाही. गुठळी झाली तर सॅम्पल वाया. हिरव्या टोपीची हेपॅरिनची ट्यूब चालत नाही, कारण हेपॅरिन पुढच्या रासायनिक प्रक्रियेत आडवं येतं. साध्या तापमानात हे रक्त दोन-तीन दिवस टिकतं. जास्त वेळ लागणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एप्रिल-मेच्या उन्हात थंड जेल पॅक घाला आणि ट्यूब व पॅक यांच्यामध्ये कापसाचा थर द्या. शनिवारी दुपारी किंवा जोडून सुट्ट्या आल्या असताना रक्त देऊ नका, सॅम्पल कुरिअरच्या गोदामात तापत पडतं. मुलाला नुकतंच रक्त चढवलं असेल तर ते लॅबला सांगा, काही आठवडे थांबायला सांगतील.

ट्यूबवर नाव, जन्मतारीख आणि रक्त घेतल्याची तारीख लिहिलेली आहे हे डोळ्यांनी बघा. एकाच दिवशी मुलगा, आई आणि बहीण अशा तीन ट्यूब गेल्या आणि नावं उलटली, तर झालेला घोटाळा पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो. फॉर्ममध्ये सीपीकेचा आकडा, लक्षणं सुरू झाल्याचं वय आणि घराण्याचा नकाशा लिहा. "मामा अठराव्या वर्षी वारला, चालता येत नव्हतं" ही एक ओळ लॅबच्या तज्ज्ञाला फार उपयोगी पडते.

एमएलपीएचा रिपोर्ट दोन-तीन आठवड्यांत येतो, सिक्वेन्सिंगचा चार-सहा आठवड्यांत.

कागद कसा वाचायचा

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलाच्या पेशीत एक्स गुणसूत्र एकच. त्यामुळे एमएलपीएत गळालेल्या एक्सॉनसमोर 0 येतो, निरोगी एक्सॉनसमोर 1 च्या आसपासचा आकडा, दुप्पट झालेल्यासमोर 2. रिपोर्टात "एक्सॉन 45 ते 50 डिलीशन, हेमिझायगस" असं लिहिलेलं असेल, तर त्याच्या एकुलत्या एक्सवर त्या सहा तुकड्यांची गळती आहे.

फक्त एकच एक्सॉन गळालेला दाखवला असेल तर लगेच मान्य करू नका. एमएलपीए जिथे चिकटते, नेमकं तिथेच एखादं निरुपद्रवी अक्षर बदललेलं असेल तरी तो एक्सॉन नाहीसा झाल्यासारखा दिसतो. एका एक्सॉनची गळती दुसऱ्या पद्धतीने पडताळून मागायची. चांगली लॅब ती आपणहून करते.

मोठी गळती म्हणजे आजार जास्त तीव्र, असं इथे नसतं. जनुकाची अक्षरं तीन-तीनच्या गटात वाचली जातात. गळतीनंतर हे गट बिघडले तर डिस्ट्रॉफिन बनतच नाही, तो ड्यूशेन. गट शाबूत राहिले तर आखूड का होईना डिस्ट्रॉफिन बनतं आणि आजार बराच सौम्य असतो, तो बेकर. एकटा एक्सॉन 45 गळाला तर गट बिघडतात, 45 ते 47 असे तीन गळाले तर जुळतात. याला अपवाद आहेत, म्हणून मुलाचं चालणं-उठणं आणि रिपोर्ट दोन्ही शेजारी ठेवून न्यूरॉलॉजिस्टने मत द्यायचं.

सिक्वेन्सिंगच्या रिपोर्टात बदलाची प्रतवारी लिहिलेली असते. "पॅथोजेनिक" किंवा "लाइकली पॅथोजेनिक" असेल तर त्यावर पुढची पावलं टाकता येतात. "व्हीयूएस" म्हणजे या बदलाचा अर्थ अजून लागलेला नाही. व्हीयूएसच्या भरवशावर मावशीला वाहक ठरवू नका आणि गर्भाची तपासणी तर मुळीच नको. अशा वेळी स्नायूची बायोप्सी करून त्यात डिस्ट्रॉफिन आहे की नाही हे बघतात.

एमएलपीए आणि सिक्वेन्सिंग दोन्ही रिकामी आली तर निदानाकडेच पुन्हा बघायला हवं. सार्कोग्लायकन या प्रथिनाच्या बिघाडामुळे होणारी लिंब-गर्डल डिस्ट्रॉफी हुबेहूब ड्यूशेनसारखी दिसते: तशाच पोटऱ्या, तसंच सीपीके. पण तिची वाट वेगळी. ती आई आणि बाप दोघांकडून येते आणि मुलींनाही होते. मामेबहिणीशी लग्न ही आपल्याकडे जुनी रीत, आणि अशा नात्यातल्या लग्नात हा आजार बसण्याची शक्यता वाढते. ड्यूशेनला मात्र नात्यातलं लग्न कारणीभूत नसतं. दोन्हींत तपासायची माणसं पूर्ण वेगळी, म्हणूनच मुलाचा पक्का रिपोर्ट हाती येण्याआधी नातेवाइकांना फोन करू नयेत.

आई

मुलाचा बिघाड सापडला की आईची तोच बिघाड शोधणारी तपासणी. डिलीशन असेल तर एमएलपीए, एका अक्षराचा बदल असेल तर फक्त त्या जागेचं सँगर वाचन, तेही कमी खर्चात. लॅबला मुलाचा रिपोर्ट सोबत द्या, नाहीतर ते सगळं पहिल्यापासून करतील आणि बिलही तसंच लावतील. आईकडे दोन एक्स, म्हणून वाहक आईच्या रिपोर्टात गळालेल्या एक्सॉनसमोर 0 ऐवजी 0.5 च्या आसपासचा आकडा येतो. डुप्लिकेशन असेल तर 1.5.

आईचं सीपीके करून "नॉर्मल आहे, म्हणजे वाहक नाही" असं ठरवणं चूक आहे. पुष्कळ वाहक बायकांचं सीपीके नॉर्मल असतं.

ड्यूशेनच्या मुलांच्या आयांपैकी सुमारे दोन तृतीयांश वाहक निघतात. उरलेल्या एक तृतीयांशांत बिघाड त्या मुलातच नव्याने झालेला असतो. म्हणजे सुनेच्या माहेरात कधी कोणाला नव्हतं हेही खरं आणि मुलाला ड्यूशेन आहे हेही खरं. सासरी माहेराचा उद्धार सुरू होण्याआधी घरातल्या मोठ्यांना ही गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. वाहक आईनेही काही केलेलं नसतं. पत्ते वाटले जातात तसं ते वाटलं गेलं.

वाहक आईच्या प्रत्येक गरोदरपणात मुलगा असेल तर त्याला आजार होण्याची शक्यता 50 टक्के, मुलगी असेल तर ती वाहक असण्याची शक्यता 50 टक्के. एक मुलगा आजारी झाला म्हणून पुढचा सुटला असा हिशेब चालत नाही, दर वेळी नाणं नव्याने उडतं.

आता सर्वांत जास्त गैरसमज होणारी बाब. आईच्या रक्तात बिघाड नाही, रिपोर्ट नॉर्मल. तरीही तिच्या काही बीजांडांत तो असू शकतो, आणि बीजांडं रक्ताच्या तपासणीत दिसत नाहीत. याला जर्मलाइन मोझाइक म्हणतात. ही शक्यता काही टक्क्यांची असली तरी शून्य नाही. म्हणून नॉर्मल रिपोर्ट आलेल्या आईलाही पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी देऊ करायची असते. "तुम्ही वाहक नाही, आता काही करायची गरज नाही" असं सांगून कोणी घरी पाठवलं, तर दुसरं मत घ्या.

वाहक ठरलेल्या बाईने स्वतःच्या हृदयाकडेही बघायला हवं. थोड्या वाहकांत स्नायूंचा अशक्तपणा येतो, आणि हृदयाचा स्नायू लक्षणांशिवायही कमकुवत होऊ शकतो. ईसीजी आणि टू-डी इको एकदा करून घ्या, पुढे साधारण दर पाच वर्षांनी.

आजोळ

आई वाहक निघाली की नकाशा आजोळच्या दिशेने उलगडतो. आजी, मावश्या, मावसबहिणी, आईच्या मावश्या आणि त्यांच्या मुली: तपासणीची गरज यांना. काका, आत्या, चुलतभाऊ, आजोबा, वडील यांना नाही. मामा निरोगी असेल तर त्याच्या मुलींनाही नाही. त्याचं एकुलतं एक एक्स चांगलं आहे आणि मुलींना तेच मिळतं. मुलाच्या आजारपणामुळे मामाच्या मुलीचं स्थळ मोडल्याचे प्रकार होतात, ते निव्वळ अज्ञानातून. मुलाची आई वाहक नसेल तर मावश्यांपर्यंत जायचं कारण सहसा उरत नाही.

मावशीला सांगताना एवढंच सांगा: बाळूच्या रिपोर्टात अमुक बिघाड आला आहे, ताईच्या रक्तातही आहे, तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी, 3 मिलि रक्ताची एक तपासणी आहे, ही रिपोर्टाची झेरॉक्स. सासरच्या समोर सांगू नका, तिला एकटीला सांगा. कोणाला कळवायचं ते तिचं ती ठरवेल.

मुलाची बहीण नऊ वर्षांची असेल तर तिची वाहक तपासणी आत्ता करू नका. तिला लक्षणं नसतील तर लहान वयात कळून तिचा काहीच फायदा नाही आणि "वाहक" हा शिक्का मात्र गावभर होतो. अठरा पूर्ण झाल्यावर, समुपदेशन घेऊन, तिच्या मर्जीने. तोपर्यंत भावाचा रिपोर्ट जपून ठेवणं हे आईवडिलांचं काम.

मुलगा दगावला असेल आणि तपासणी झालीच नसेल तर वाट अवघड होते, पण बंद नाही. दवाखान्यात बायोप्सीचा ब्लॉक किंवा साठवलेलं रक्त आहे का विचारा. काहीच नसेल तर थेट आईची एमएलपीए करतात. त्यात काही सापडलं तर उत्तम, नाही सापडलं तर शंका उरतेच. म्हणून मुलाची तब्येत खालावत असेल तर खर्चाचं नंतर बघू, पण डीएनए काढून लॅबमध्ये साठवून ठेवा.

पुढचं बाळंतपण

बिघाड सापडलेला असेल तर गर्भाची तपासणी होते, नसेल तर होत नाही. यासाठी सगळी आधीची धावपळ. गरोदर राहिल्यावर मुलाची पहिली तपासणी करायला निघालं तर आठवडे हातातून सुटतात.

पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. सातव्या-आठव्या आठवड्यात सोनोग्राफीने वय पक्कं करायचं. 11 ते 13 आठवड्यांत वारेचा अगदी लहान तुकडा सुईने घेतात, त्याला सीव्हीएस म्हणतात. ती वेळ हुकली तर 16 आठवड्यांपासून गर्भजल, साधारण 15 ते 20 मिलि. दोन्हींत गर्भपाताचा धोका अनुभवी हातात एक टक्क्याच्या आत असतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन विचारून घ्या. नमुन्यासोबत आईचं रक्तही पाठवावं लागतं, कारण वारेच्या तुकड्यात आईच्या पेशी मिसळल्या असतील तर उत्तर चुकतं, आणि ती भेसळ पकडायला आईचं रक्त हवं. हे राहिलं म्हणून रिपोर्ट अडकून पडतो.

रिपोर्टला साधारण दोन आठवडे धरा. सीव्हीएस केलं तर निर्णय चौदाव्या-पंधराव्या आठवड्यात हातात असतो. अठराव्या आठवड्यात पोहोचलेल्या बाईला गर्भजल आणि रिपोर्ट धरून विसावा आठवडा उलटतो. गर्भपाताच्या 2021 च्या सुधारित कायद्यात 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, 20 ते 24 मध्ये ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं, त्यापुढे वैद्यकीय मंडळ. पुढे जायचं की नाही हा निर्णय त्या बाईचा.

या तपासणीबद्दल कोल्हापुरात दबक्या आवाजात विचारलं जातं. सोनोग्राफी मशीनवर नजर ठेवणारा सायलेंट ऑब्झर्व्हर बसवण्याचा प्रयोग याच जिल्ह्यात झाला, त्यामुळे धास्ती समजण्यासारखी आहे. पण गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा 1994 चा कायदाच आनुवंशिक आजारासाठी गर्भाच्या तपासणीला परवानगी देतो, लिंगाशी जोडलेले आजार त्यात स्पष्ट आहेत. अट एवढीच की केंद्र नोंदणीकृत हवं, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत फॉर्म जी वर लेखी संमती हवी, आणि रिपोर्टात "बाधित" की "बाधित नाही" एवढंच यावं. मुलगा की मुलगी हे विचारू नका, कोणी सांगू लागलं तरी तिथून उठा.

एनआयपीटी नावाची आईच्या रक्तावरची तपासणी डाउन सिंड्रोमसारख्या आजारांसाठी आहे. ती नॉर्मल आली म्हणून ड्यूशेन नाही, असं होत नाही.

आजार एसएमए असेल तर

स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, हाही स्नायू अशक्त करणारा आनुवंशिक आजार, पण त्याचा हिशेब निराळा. त्यात नवरा-बायको दोघे वाहक असावे लागतात, आणि वाहक साधारण 40 ते 60 जणांत एक सापडतो. एसएमएन1 जनुकाच्या प्रती मोजतात: 2 आल्या तर सहसा निर्धोक, 1 वाहक, 0 बाधित. एकाची तपासणी आधी करा, तो वाहक निघाला तरच दुसऱ्याची. चाळीसात एखादा-दोन वाहक या मोजणीत निसटतात, कारण त्यांच्या दोन्ही प्रती एकाच गुणसूत्रावर असतात. लग्नाआधी "कॅरिअर पॅनेल" म्हणून शेकडो आजारांची यादी विकली जाते. घेण्याआधी दोनच प्रश्न विचारा: एसएमएन1 च्या प्रती मोजता का, आणि डिस्ट्रॉफिनचं डिलीशन-डुप्लिकेशन बघता का? उत्तर अडखळलं तर पैसे देऊ नका.

फाइल

मुलाचा मूळ रिपोर्ट, त्यातली एक्सॉनच्या आकड्यांची पानं धरून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. फक्त शेवटचा निष्कर्ष असलेलं पान पुरत नाही. पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, व्हॉट्सअॅपवरची फाइल मोबाइल बदलला की जाते. लॅबचा सॅम्पल नंबर लिहून ठेवा, साठवलेला डीएनए त्याच नंबरने मिळतो. मस्क्युलर डिस्ट्रॉफी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तेव्हा यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या अर्जालाही हाच रिपोर्ट जोडा. केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणातलं महाराष्ट्रातलं उत्कृष्टता केंद्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघणार असाल तर मूळ फाइल, दोन झेरॉक्स संच, आईचा रिपोर्ट आणि घराण्याचा नकाशा सोबत घ्या, आणि मुलाचा उठता-बसतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये काढून ठेवा. प्रवासाने दमलेला मुलगा डॉक्टरांसमोर नेहमीसारखा चालत नाही.